क्रमांकांच्या याद्या थोडक्यात लिहिताना: कामाच्या नोंदी

७ जानेवारी

जुन्या हस्तलिखित वह्या स्कॅन करायला घेतल्या आहेत. एकूण २३. शिवण केव्हाच सुटलेली आहे, त्यामुळे सुटी पाने स्कॅनरच्या फीडरमधून (एकेक पान ओढून घेणाऱ्या भागातून) घालता येतात. फीडर मात्र एकाच बाजूचे चित्र घेतो. म्हणून ४० पानांचा गठ्ठा आधी सुलटा घालायचा आणि मग अख्खा गठ्ठा पालथा करून पुन्हा घालायचा. पहिल्या फेरीत चित्रे १ ते ४० मिळतात, दुसऱ्या फेरीत ४१ ते ८०. गठ्ठा पालथा केल्यावर शेवटच्या पानाची पाठ सर्वांत आधी जाते, त्यामुळे वाचायचा क्रम असा होतो:

१, ८०, २, ७९, ३, ७८ … ४०, ४१

प्रत्येक जोडीची बेरीज ८१.

हा क्रम प्रत्येक वहीसोबत साध्या मजकुरात लिहून ठेवायचा आहे. चित्रांना नवी नावे देऊन मोकळे होता आले असते, पण मग स्कॅन करताना नेमके काय घडले ते कायमचे पुसले जाते. एखादे पान चुकीच्या जागी गेल्याचे वर्षभराने लक्षात आले, तर मूळ क्रमांक आणि क्रमाची यादी दोन्ही जवळ असायला हवीत.

वरची यादी पूर्ण लिहिली तर आकडे आणि स्वल्पविराम धरून २३० अक्षरे होतात. एका वहीत असे दोन-तीन गठ्ठे. हाताने लिहायला आणि तपासायला हे फार झाले. थोडक्यात लिहिण्याची पद्धत हवी.

८ जानेवारी

आधीपासून काय काय आहे ते करून पाहिले. छपाईच्या खिडकीतले "१-५, ८, ११-१३" सगळ्यांना माहीत असते, म्हणून तिथूनच सुरुवात केली. पहिल्याच तासात कळले की दिसायला सारख्या या खुणा दोन जातींच्या आहेत. काहींना फक्त "कोणते" एवढेच विचारायचे असते, काहींना "कोणते आणि कोणत्या क्रमाने".

युनिक्स या संगणकप्रणालीतल्या कट आज्ञेला ३,१ असे रकाने मागितले, तरी ती १,३ असेच देते, कारण ती ओळीत आधी जे येते ते आधी लिहिते. ईमेलच्या आयमॅप नियमांत (आरएफसी ३५०१, २००३) २:४ आणि ४:२ यांचा अर्थ एकच. तिथे ते बरोबरच आहे, पण मला त्याचा उपयोग नाही. माझ्या कामात क्रम गेला की सगळेच गेले.

क्यूपीडीएफ या पीडीएफ हाताळण्याच्या साधनात १५-१२ लिहिले की १५, १४, १३, १२ असा उतरता क्रम मिळतो. बॅश या आज्ञा लिहिण्याच्या भाषेतही महिरपी कंसात दोन टिंबांनी १०..१ लिहिले की उतरता क्रम येतो. हॅस्केल या प्रोग्रामिंग भाषेत १० ते १ अशी यादी मागितली तर रिकामी यादी हाती येते. मी पहिला अर्थ घेतला: सुरुवात मोठी असेल तर उतरत जायचे.

क्यूपीडीएफच्या "सम" आणि "विषम"ने अर्धा तास घेतला. ५,७-९,१२ पुढे विषम लावले तर ५, ८ आणि १२ मिळतात. म्हणजे पानाचा क्रमांक विषम असण्याशी संबंध नाही, यादीतली जागा विषम हवी. ते मी घेतले नाही.

उडीसाठी क्रॉन या युनिक्समधल्या वेळापत्रकाच्या साधनातली तिरकी रेघ घेतली. १-९/२ म्हणजे १, ३, ५, ७, ९.

दोन्ही टोके धरायची, हेही आजच ठरवले. पायथन या प्रोग्रामिंग भाषेत शेवटचे टोक वगळतात. संगणकशास्त्रज्ञ डाइक्स्ट्रा यांनी १९८२ च्या टिपणात त्याची बाजू नीट मांडली आहे: टोकांची वजाबाकी केली की लांबी मिळते. पण "पाने १ ते ५" म्हटल्यावर पाचवे पान सोडून देणारा माणूस मला माहीत नाही, आणि ही यादी माणूस लिहिणार आहे.

वेळ: ३ तास. कोड: एकही ओळ नाही.

१० जानेवारी

थोडक्यात लिहिलेली यादी उलगडून पूर्ण करणारा भाग लिहिला, पायथनमध्ये. स्वल्पविरामावर तोडा, प्रत्येक तुकड्यात रेघ आहे का पाहा, असेल तर सुरुवात, शेवट आणि उडी काढा. तासाभरात झाला. त्यानंतरचे दोन तास एका चुकीने खाल्ले. ती पूर्ण लिहितो, कारण हीच चूक कोणाच्याही हातून होईल.

९ चित्रांचा छोटा गठ्ठा घेऊन दर तिसरे चित्र मागून पुढे पाहायचे होते: ९-१/३. हवे होते ९, ६, ३. पडद्यावर आले ९, ६, ३ आणि पुन्हा ९.

तेच चित्र दोनदा का, म्हणून आधी चित्रे दाखवणाऱ्या भागात शोधत बसलो. दोष तिथे नव्हताच. किती क्रमांक काढायचे ते मी असे मोजत होतो: शेवट उणे सुरुवात, भागिले उडी, चिन्ह काढा, अधिक एक. १ उणे ९ म्हणजे −८. पायथनमध्ये −८ ला ३ ने पूर्णांकी भागले की −३ येते, −२ नाही, कारण तो भागाकार नेहमी खालच्या बाजूला उतरतो. चिन्ह काढून ३, अधिक एक म्हणजे ४. म्हणून यादी झाली ९, ६, ३, ०.

आता शून्य क्रमांकाचे चित्र मागितल्यावर कार्यक्रम (प्रोग्राम) थांबायला हवा होता. चित्र क्रमांक उणे एक करून मी फाइलींच्या यादीत शोधतो, म्हणजे शून्यासाठी जागा −१. आणि पायथनमध्ये जागा −१ म्हणजे शेवटची वस्तू, म्हणजे चित्र ९. एका चुकीने दुसरी झाकली होती.

दुरुस्ती दोन ठिकाणी केली. आधी चिन्ह काढायचे आणि मग भागायचे: ८ भागिले ३ म्हणजे २, अधिक एक म्हणजे ३. शिवाय १ पेक्षा लहान किंवा चित्रांच्या संख्येपेक्षा मोठा क्रमांक आला की तिथेच थांबायचे आणि तुकडा दाखवायचा. दुसरी दुरुस्ती पहिल्या दिवशीच करायला हवी होती.

या मर्यादेचा लगेच दुसरा फायदा झाला. "१-४०,४१" लिहिताना स्वल्पविराम राहून "१-४०४१" झाले होते. तेही अडले.

१२ जानेवारी

ताईने पहिल्या सहा वह्यांच्या याद्या टंकून पाठवल्या. सहापैकी चार वाचल्याच गेल्या नाहीत. डोळ्यांना सगळे ठीक दिसत होते.

कारण रेघ. तिने वर्ड प्रोसेसरमध्ये टंकले आणि त्याने साध्या रेघेच्या जागी लांब रेघ घातली. युनिकोडमध्ये वजाबाकीचे चिन्ह आणखी वेगळे. आता तिन्ही रेघा एकच समजतो. "१ ते ४०" असेही ती दोन ठिकाणी लिहून गेली होती. बोलतो तसेच आहे ते, म्हणून "ते"सुद्धा चालवतो. लिहून देताना मात्र नेहमी साधीच रेघ.

आकड्यांचे जास्त अवघड निघाले. पायथनचा इंट (मजकुराची संख्या करणारा) देवनागरी आकडे बिनतक्रार घेतो, हे चांगले. पण एकाच संख्येत देवनागरी आणि इंग्रजी आकडे मिसळले तरी तो ते घेतो. आणि इंग्रजी नऊ व देवनागरी एक घाईत सारखेच दिसतात. एका यादीत "एकोणीस" वाचला गेला होता, तो खरे तर "अकरा" होता: पहिला आकडा देवनागरी एक, दुसरा चुकून इंग्रजी नऊ. एका संख्येत दोन लिप्या दिसल्या की आता मी यादी परत करतो.

हे तपासताना आणखी एक सापडले. तुकडा आकड्यांचाच आहे का हे मी इज-डिजिटने पाहत होतो. वर्गाचा छोटा दोन (अंकाच्या डोक्यावर लिहितात तो) त्याला आकडा वाटतो, पण इंट मात्र त्यावर आपटतो. त्या जागी इज-डेसिमल वापरले.

ऋण संख्या ठेवल्या नाहीत, पानांना त्या लागत नाहीत. ज्यांना लागतात त्यांनी रेघ सोडून दोन टिंबे घ्यावीत. −५ पासून −३ पर्यंतची रेंज रेघेने लिहिली तर तीन रेघांमधली मधली कोणती ते माणसालाही कळत नाही.

१५ जानेवारी

उलटी बाजू: पूर्ण यादी दिली की थोडक्यात लिहून द्यायची.

पहिला प्रयत्न टाकून दिला. सवयीने मी आधी क्रमांक संचात टाकले, चढत्या क्रमाने लावून घेतले, आणि मग सलग तुकडे शोधले. निकाल फार सुंदर आला: १-८०. आणि त्यातून क्रम पूर्ण गेला होता. नेटवर सापडणारे बरेच छोटे कोड हेच करतात, कारण त्यांचे काम "कोणते"पुरते असते. यादी लावून घेणारी ओळ दिसली की ती तुमच्या कामाची आहे का ते आधी पाहा.

दुसऱ्या प्रयत्नात जागेची युक्ती वापरली. प्रत्येक क्रमांकातून त्याची यादीतली जागा वजा करा. सलग चढत्या तुकड्यात ही वजाबाकी सारखीच राहते, ती बदलली की तुकडा संपला. छान चालते, पण फक्त चढत्यासाठी आणि उडी एक असेल तरच. ८०, ७९, ७८ ला ती ओळखत नाही. शेवटी साधा मार्ग धरला: शेजारच्या दोघांतला फरक काढायचा आणि तो टिकेल तोवर पुढे जायचे.

मग एक नियम लिहून भिंतीवर लावला: थोडक्यात लिहिलेले पुन्हा उलगडले की तीच यादी, त्याच क्रमाने, तितक्याच वेळा मिळाली पाहिजे. बाकी सगळे यानंतर.

नियम तपासायला १ ते ६ हे आकडे घेऊन ६ लांबीच्या सगळ्या याद्या बनवल्या. ६ चा सहावा घात, म्हणजे ४६,६५६. प्रत्येक यादी आवळायची, उलगडायची, ताडायची. पहिल्याच यादीवर अडलो: १,१,१,१,१,१. फरक टिकतो आहे, शून्य का असेना, म्हणून माझ्या कोडने "१-१/०" लिहिले आणि उलगडताना शून्याने भागायला गेला. शून्य फरकाला आता तुकडा मानत नाही. उरलेल्या सगळ्या पास.

१९ जानेवारी

आता खरा अडथळा. मूळ यादीत, १, ८०, २, ७९ मध्ये, शेजारचा फरक कधीच टिकत नाही. एवढे करून २३० अक्षरे ती २३०च राहिली.

आधी जोड्यांसाठी वेगळी खूण काढायचा विचार केला, "बेरीज ८१" अशी. दोन दिवस त्यात गेले आणि दुसऱ्या प्रकारच्या गठ्ठ्यावर ती लगेच मोडली. मग पीडीएफटीके या तशाच दुसऱ्या साधनातले शफल आणि क्यूपीडीएफमधले कोलेट पाहिले. ते दोन फाइलींमधले एकेक पान आळीपाळीने घेतात. माझ्याकडे फाइली नाहीत, चित्रे आहेत, पण कल्पना तीच हवी होती: दोन रांगा घ्या आणि एकाड एक गुंफा.

मी त्याला वेणी म्हणतो. खूण उभी रेघ:

१-४०|८०-४१

दहा अक्षरे. डावीकडे पोटाची बाजू, उजवीकडे पाठीची, आणि गठ्ठा हातात धरून जे केले तेच कागदावर दिसते. हे पाहून मला फार बरे वाटले.

स्वल्पविराम उभ्या रेघेपेक्षा घट्ट बांधतो, म्हणजे आधी रांगा तयार होतात आणि मग गुंफल्या जातात. आतले कंस लागत नाहीत. रांगा दोनच असाव्यात असेही नाही.

२२ जानेवारी

पाचवी वही. सहाव्या पानापर्यंत मजकूर जुळला, सातव्यापासून वाक्ये तुटायला लागली. शिवाय शेवटची तीन पाने गायब.

कारण शोधायला सकाळ गेली. स्कॅनरमध्ये कोरी पृष्ठे आपोआप गाळायची सोय चालू होती. या वहीत तीन पाने पाठकोरी होती, त्यांची पाठ त्याने टाकून दिली. त्यामुळे दुसऱ्या रांगेत ४० ऐवजी ३७ चित्रे आली.

तरीही कार्यक्रम थांबला नाही, कारण गुंफायला मी पायथनचे झिप (रांगांमधले एकेक घेऊन जोड्या लावणारे) वापरले होते. लहान रांग संपली की झिप निमूटपणे थांबते. म्हणून पहिल्या रांगेतली ३८, ३९ आणि ४० ही चित्रे कुठेच आली नाहीत. पायथन ३.१० पासून झिपला "स्ट्रिक्ट" सांगता येते, मग रांगा असमान असल्या की ते ओरडते. ते लावले. असमान वेणी म्हणजे चूक, नेहमीच.

पण मग ही वही लिहायची कशी? पुन्हा स्कॅन करता आली असती, पण कागद इतका ठिसूळ झाला आहे की मला फेऱ्या वाढवायच्या नाहीत. वही हातात घेऊन पाठकोरी पाने शोधली: ७, १९ आणि ४०. जागा धरण्यासाठी खूण हवी होती. शून्य वापरणार होतो, पण १० तारखेचा शून्य आठवला. "क" घेतला, कोऱ्याचा क:

१-४०|७७-७२,क,७१-६१,क,६०-४१,क

मोजून पाहिले: ६ चित्रे, कोरे, ११ चित्रे, कोरे, २० चित्रे, कोरे. ३७ चित्रे आणि ३ कोरी, एकूण ४०. उलगडले, सातव्या पानापासून वाचले, वाक्ये जुळली.

गाळायची सोय बंद केली. आधीच्या चार वह्यांत एकही पान पाठकोरे नव्हते, हे त्याच दिवशी पाने उलटून पाहून घेतले. वेळ: ५ तास.

२५ जानेवारी

ताईने सगळ्या याद्या एका स्प्रेडशीटमध्ये भरल्या, वहीमागे एक ओळ. इंग्रजी आकड्यांत, कारण तिचा कळफलक तसा आहे. परत आलेली फाइल उघडली तर "१-४०" च्या जागी जानेवारी १९४०, "३-७" च्या जागी तारीख, आणि "१,२३४" म्हणून लिहिलेल्या दोन क्रमांकांच्या यादीची एक हजार दोनशे चौतीस ही एकच संख्या झालेली.

हे दुखणे जुने आहे. जनुकांची नावे ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय समितीने २०२० मध्ये काही जनुकांची नावेच बदलली, कारण स्प्रेडशीट त्यांना मार्च आणि सप्टेंबरच्या तारखा समजत होत्या.

रकाना "मजकूर" ठरवून ठेवता येतो, पण ते प्रत्येकाने प्रत्येक वेळी आठवणीने करायला हवे. रेघेऐवजी दोन टिंबे घेतली तर तारखा टळतात, पण "१,२३४" तसेच राहते. शेवटी अख्खी यादी चौकटी कंसात घातली:

[१-४०|८०-४१]

यादीमागे दोन अक्षरे वाढली, आणि चौकटी कंसाने सुरू होणारी गोष्ट स्प्रेडशीट मजकूर म्हणूनच ठेवते. शिवाय एका वहीतले दोन गठ्ठे आपसूक जोडता आले:

[१-४०|८०-४१][८१-१२०|१६०-१२१]

कंसाला कंस लागला की एकामागून एक. बिघडलेल्या ओळी मात्र मूळ वह्या समोर ठेवून पुन्हा भराव्या लागल्या. मी आणि ताई मिळून एक अख्खी संध्याकाळ.

२९ जानेवारी

नववी वही. गठ्ठा मध्येच अडकला होता, म्हणून त्या भागाची यादी हाताने लिहिली. प्रत्येक चित्र एकदाच आले का हे मी बेरजेने तपासत होतो: ८० गुणिले ८१ भागिले २, म्हणजे ३,२४०. बेरीज जुळली, यादी ठेवून दिली. वाचताना एक पान दोनदा आले.

यादीत होते ११, १३, १३, १४, १४, १६. १२ आणि १५ नाहीत, १३ आणि १४ दोनदा. १२ अधिक १५ म्हणजे २७, १३ अधिक १४ म्हणजेही २७. बेरजेची तपासणी काढून टाकली. आता कोणते क्रमांक राहिले आणि कोणते पुन्हा आले, ते दोन्ही नावानिशी छापून येते. आधीच्या आठ वह्या यातून पुन्हा काढल्या, सगळ्या बरोबर निघाल्या.

२ फेब्रुवारी

याद्या आवळताना एक खटकत होते. १, २, ४, ६, ८ दिली की माझा कोड "१-२,४-८/२" लिहितो, नऊ अक्षरे. डोळ्यांना दिसते की "१,२-८/२" सात अक्षरांत होते. कोड पुढे न बघता १ आणि २ ला जोडून टाकतो आणि २ अडकतो.

म्हणून मागून पुढे मोजायचे ठरवले: प्रत्येक जागेपासून शेवटपर्यंत सर्वांत कमी अक्षरांत कसे लिहिता येईल ते आधी काढायचे, आणि आधीच्या जागेसाठी तेच वापरायचे. चालले. मग १०,००० सलग क्रमांक देऊन पाहिले. मिनिटभर वाट पाहून थांबवले. प्रत्येक सुरुवातीपासून प्रत्येक शेवट तपासला की सुमारे ५ कोटी तुकडे होतात.

कागदावर मांडल्यावर सुटले. एक सम फरकाचा तुकडा दुसऱ्याला लागतो तेव्हा दोघांत सामाईक असतो तो एकच क्रमांक, वरच्या उदाहरणातल्या २ सारखा. त्यामुळे तुकडा एक तर जाईल तिथपर्यंत न्यायचा, किंवा एक आधी थांबवायचा. याशिवाय मध्येच तोडून कधीच फायदा होत नाही, कारण पुढचा क्रमांक तुकड्यात ओढला की त्याचा स्वल्पविराम तरी वाचतोच. प्रत्येक जागेला तीनच पर्याय उरले: एकटा, पूर्ण, एक कमी. त्या ४६,६५६ याद्यांवर हे उत्तर आणि सगळे पर्याय तपासून काढलेले उत्तर लांबीला एकसारखे आले. दहा हजारांची यादी आता पाहता पाहता होते.

४ फेब्रुवारी

ताईला नवे निकाल दाखवले. ती एका ओळीवर थांबली, [१-५/२,९].

"हे एकला पाच, भागिले दोन, असं का रे लिहिलंस?"

"१, ३, ५. दोनची उडी."

"मग १, ३, ५ च लिही ना. तेवढीच अक्षरं आहेत."

खरेच तेवढीच होती, पाच. "१-२" आणि "१,२" हेही तसेच: तीन आणि तीन, पण "१-२" पाहून मधे काही आहे का असे वाटते. लांबी सारखी असताना मी वाचणाऱ्याला विनाकारण हिशेब करायला लावत होतो.

आता सलग असतील तर किमान ३ क्रमांक, उडी असेल तर किमान ४, तरच तुकडा बनतो. त्यापेक्षा कमी असतील तर सुटे. आणि लिहून देताना शेवट नेहमी खरा असतो: १-१२/३ वाचून घेतो, पण लिहून देतो १-१०/३, कारण १२ त्यात येतच नाही.

११ फेब्रुवारी

वेणी आपोआप ओळखण्याचे लिहिले. यादीची लांबी जेवढ्याने नि:शेष भागली जाईल त्या २, ३ आणि ४ साठी तेवढ्या रांगा सोडवून पाहायच्या, प्रत्येक रांग वरच्या पद्धतीने आवळायची, आणि एकूण लिखाण सुट्या यादीपेक्षा निदान एक चतुर्थांशाने कमी झाले तरच वेणी मानायची. ही अट नसताना लहान याद्यांतही ती उगाच वेण्या शोधत होती.

दीड तास. काही बिघडले नाही.

१४ फेब्रुवारी

एका वहीची छोटी पुस्तिका छापून बांधायची होती. १६ पृष्ठांचा फर्मा, चार कागद, पाठपोट, मधून घडी. बाहेरच्या कागदावर पुढे १६ आणि १, मागे २ आणि १५, असे आत जायचे:

१६, १, २, १५, १४, ३, ४, १३, १२, ५, ६, ११, १०, ७, ८, ९

ही यादी दिली आणि कोडने न सांगता लिहिले:

[१६-१०/२|१-७/२|२-८/२|१५-९/२]

चार रांगांची वेणी. प्रत्येक रांग म्हणजे कागदाची एक जागा: पुढची डावी, पुढची उजवी, मागची डावी, मागची उजवी. हे मी त्यात घातले नव्हते, खुणेतून दिसले. १६ पृष्ठांना ३८ अक्षरांची यादी २८ मध्ये बसली, फार नाही. पण ६४ पृष्ठांची यादी १८२ अक्षरांची होते आणि तीही ३१ मध्ये बसते:

[६४-३४/२|१-३१/२|२-३२/२|६३-३३/२]

पहिली छपाई वाया गेली. क्रम बरोबर होता, पण पाठपोट छापताना कागद लांब कडेवर उलटायचा पर्याय राहिला होता, त्यामुळे मागची पृष्ठे डोके खाली पाय वर आली. आडव्या कागदाच्या पुस्तिकेला आखूड कड लागते. चार कागद गेले. दुसऱ्या वेळी घडी घालून पाने उलटली, १ पासून १६ पर्यंत सरळ.

२१ फेब्रुवारी

तेविसावी वही झाली. प्रत्येक वहीच्या फोल्डरमध्ये चित्रे मूळ क्रमांकांनी आहेत आणि शेजारी एका ओळीची फाइल. सर्वांत लांब ओळ ५८ अक्षरांची, अकराव्या वहीची, कारण तिच्यात फीडरने दोन वेळा दोन-दोन पाने एकदम ओढली होती आणि ती शेवटी वेगळी स्कॅन करावी लागली.

एकूण वेळ सुमारे ४२ तास. त्यातले लिहिण्याचे १२, चुका शोधण्याचे १७, स्प्रेडशीट निस्तरण्याचे ५, बाकी स्कॅनिंगच्या फेऱ्या पुन्हा करण्यात गेले. सॉफ्टवेअरला खर्च आला नाही, कागद गेले ते वरचे चार.

शेवटची तपासणी ताईने केली. मी मुद्दाम खोलीबाहेर थांबलो. तिने पाचव्या वहीची ओळ घेतली, संगणक न वापरता वहीची पाने समोर ठेवली आणि बोटाने मोजत गेली. सातव्या पानाशी "क" आला, तिने पान उलटले. पाठ कोरी होती.